बेडी तुटली, वही राहिली
(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गुलाम म्हटला कीं पायांत बेडी आणि पाठीवर चाबूक, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. आपल्या पायांत बेडी नाहीं, म्हणून आपण मोकळे, असें आपण समजतों. ही समजूत कितपत खरी, तें आज पाहूं.

अमेरिकेंत काळ्या लोकांस गुरांसारखें बाजारांत विकीत. आईपासून लेंकरूं तोडीत. पण गुलामाच्या हातीं लेखणी जाऊं नये, ही मालकांस मोठी धास्ती असे. साउथ कॅरोलिना या वसाहतींत १७४० सालींच गुलामास लिहिणें शिकविणारास कायद्यानें दंड ठरला. पुढें फ्रेडरिक डग्लस नांवाचा एक गुलाम पोर बाल्टिमोर शहरांत होता. मालकीणबाई त्यास अक्षरें शिकवूं लागली, तों मालकानें तिला दटावलें, कीं हा शिकला तर गुलामीच्या कामाचा राहणार नाहीं. पोरानें तें ऐकलें. सुटकेची वाट कोठें आहे, तें त्यास मालकाच्याच तोंडून कळलें! मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांस पावाचे तुकडे देऊन तो वाचावयास शिकला, १८३८ सालीं पळाला आणि १८४५ सालीं त्यानें आपली हकीगत छापली.

१८६५ सालीं त्या देशांत गुलामगिरी कायद्यानें उठली. इकडे १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक छापलें आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांस तें अर्पण केलें. तेथील बेडी लोखंडाची, येथील पोथीची. पण जात एकच, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें.

मात्र तेथें बेडी तुटली तरी वही राहिली. मोकळ्या झालेल्या माणसाजवळ जमीन नव्हती. तो वांट्यानें शेत करी, बीं व दाणापाणी उधार आणी, आणि सालअखेर वहींत बाकी निघे. वही लिहिणारा दुसरा, अंगठा देणारा हा!

ही गोष्ट परकी वाटते काय? आमच्या शाळेंत दिवाळीनंतर बाक रिकामे पडतात. पोरें आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, पण पहांटेपासून मोळ्या डोक्यावर वाहते ती बायको, आणि उचल किती हें तिला कोणी सांगतही नाहीं. कर्जाच्या बदल्यांत माणूस बांधून ठेवणें आपल्या देशांत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे, आणि तसलें कर्जच रद्द ठरतें. तरी आपण तोंड कां उघडीत नाहीं?

कारण तिसरी गुलामगिरी मनाची आहे. “हिशेब दाखवा” म्हणतांना आपली जीभ अडखळते, आणि आपण तिला नशीब म्हणतों. पेरणी आपण आभाळ पाहून करतों. पण पोरीच्या लग्नाला भटजीच्या पंचांगावांचून पाऊल उचलीत नाहीं. वरच्यानें आपणांस हीन लेखलें तर संताप येतो, आणि आपणच दलित बंधूसाठीं पाण्याचा पेला वेगळा ठेवतों! घरांत बायकोला विचारीत नाहीं. जो खालीं मालक होऊं पाहतो, त्याची मान वर ताठ होत नाहीं. ही बेडी कोणताही कायदा तोडणार नाहीं. ती ज्याची त्यानेंच तोडली पाहिजे.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. यंदा उचल घ्याल ती कागदावर घ्या, आणि घेतांना घरची बाई शेजारीं उभी असूं द्या. आपली वही वेगळी ठेवा. पोरास, आणि पोरीसही, आजीपाशीं ठेवा, नात्यांत ठेवा, वसतिगृहांत ठेवा. पण शाळेंतून काढूं नका. ती वही त्याच पोरांनीं लिहावी. कोणास हिशेब उमगत नसेल, तर दिवेलागणीनंतर शाळेंत या. मी बसलेला असतों. रक्कम लहान आहे म्हणून लाजूं नका; मालकांस धास्ती होती ती याच अक्षरांची.