नकाराचा हक्क आणि जमिनीचा भाव



खुल्या बाजारावरचं व्याख्यान म्हटल्यावर शेअर बाजार आणि बड्या कंपन्या यांची अपेक्षा असणार. मी मात्र सातबाऱ्याबद्दल बोलणार आहे. पनवेल तालुक्याला सरकार आणि बाजार यांचं नातं सातबाऱ्यानेच शिकवलं.

१९७० च्या मार्चमध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. कायदा इंग्रजांचा, १८९४ चा. मोबदला कमी पडला म्हणून शेतकरी कोर्टात जाऊ शकत होता. पण ‘मला विकायचीच नाही’ हे त्याचं म्हणणं टिकत नव्हतं. माझा मुद्दा एवढाच आहे: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या जमिनीचा खरा भाव त्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

मग दुसऱ्याला विकायची होती, असं कुणी म्हणेल. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकणं बंद केलं होतं. बिनशेतीसाठीही सरकारी परवानगीच. बाकीची गिऱ्हाइकं सरकारने दाराबाहेर ठेवली आणि एकटं गिऱ्हाईक म्हणून स्वतः आत आलं. त्या दराला बाजारभाव कसं म्हणायचं?

याच कूळकायद्याची दुसरी बाजूही आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरीचे शेतकरी १९३३ पासून सहा वर्षं संपावर होते. खोताविरुद्धच्या त्या झगड्याने कुळांचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा मालक ठरला. त्यानंतर १३ वर्षांतच सिडको आली. देणारा हातच घेणारा झाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हा हक्क परत मागत, तेव्हा त्यांना धनदांडग्यांचे वकील म्हटलं गेलं. प्रत्यक्षात या हक्काची खरी गरज दोन एकरवाल्याला असते. धनदांडग्याची मंत्रालयात ओळख असते.

जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दिबा शेतकरी कामगार पक्षाचे. खुल्या बाजाराचं नाव त्यांनी घेतलं नसतं. पण ‘भाव वाढला तर त्यात माझाही वाटा’ ही मागणी अस्सल मालकाची आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जमिनीचा भाव शेतकऱ्याने नाही वाढवला. खाडीपुलाने, रेल्वेने, रस्त्यांनी वाढवला. खरं आहे. म्हणून रस्ता आणि रूळ यांच्यासाठी सक्ती मला मान्य आहे; एका बांधासाठी रेल्वे वळसा घेऊ शकत नाही. पण भूखंड पाडून लिलावात विकण्यासाठी सक्ती कशाला? पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. शहर तिथेही उभं राहिलं. शेतकरी त्याचा भागीदार राहिला.

आज आपल्याभोवती नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं प्रभावक्षेत्र आहे. तिथल्या नगररचना योजनेत मालकाला सुमारे ४० टक्के जमीन परत मिळते. साडेबारापेक्षा हे बरंच पुढचं पाऊल. मात्र मगरपट्ट्यात शेतकरी आपणहून आले. नैनात कोण येणार ते नकाशा ठरवतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती सक्तीची केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही. ती तिथेही लावा, आणि शेतजमीन कुणालाही विकण्याची मोकळीक द्या. सरकारला मग जमीन मिळणार नाही असं नाही. ती मागावी लागेल, आणि मालक सांगेल त्या भावावर घासाघीस करावी लागेल, जशी आपण सगळेच करतो.