क्यूआर कोड फक्त जमा लिहितो

(कोपर येथे तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण घरचं दुकान सांभाळतात. कुणाचं शिलाईकाम, कुणाची बेकरी, कुणाची मोबाइल दुरुस्ती. दिव्यापासून डोंबिवलीपर्यंत आज बिनक्यूआर कोडचा गल्ला सापडणं कठीण. त्यामुळे अनेकांचा समज झालाय की आता वेगळा हिशेब कशाला, सगळं फोनमध्ये आहेच. माझं म्हणणं एवढंच आहे, की फोनमध्ये सगळं नाही. क्यूआर कोड फक्त जमा लिहितो. ती रक्कम कसली, त्यासाठी खर्च किती झाला, उधारी किती राहिली, हे तुम्हालाच लिहावं लागतं.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या व्यावसायिक कर विभागानं यूपीआयच्या नोंदींवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याकडे चार वर्षांच्या 1 कोटी 63 लाखांच्या जमेवर 29 लाखांची मागणी आली. वास्तविक ताज्या भाजीवर जीएसटी नाही. पण बँकेच्या नोंदीत भाजी दिसत नाही, नुसती रक्कम दिसते. पुढे सरकारनं नमतं घेतलं. तोवर अनेकांनी घाबरून क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या होत्या. पण रोखीमागे लपून उपयोग नाही, कारण कायद्यानं उलाढालीत रोखही मोजली जाते.

आता आपल्याकडचं बघू. समजा, एखाद्या शिलाईवाल्याच्या खात्यात वर्षभरात 24 लाख जमा झाले. त्यातले 17 लाख शिलाईचे, 4 लाख आखातातल्या भावानं घरखर्चाला पाठवलेले, 2 लाख भिशीचे आणि 1 लाख स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले. शिवाय शिलाईचे 2 लाख रोख मिळाले. म्हणजे धंद्याची उलाढाल 19 लाख. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे, फक्त माल विकणाऱ्याला 40 लाख. हा माणूस मर्यादेच्या आत आहे. पण वही नसेल तर समोरच्याला 24 लाखच दिसणार, आणि उरलेले 7 लाख कसले हे आठवून सांगावं लागणार. दोन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी आलेले आठ हजार कुणाचे होते, हे कुणाला आठवतं? आणि एक लक्षात ठेवा: दुकानं दोन असली तरी पॅन एकच असेल, तर दोन्हींची उलाढाल एकत्र धरतात.

म्हणून पहिलं काम, धंद्याचं बँक खातं वेगळं करा. भावाचे पैसे आणि भिशी त्यात येऊ देऊ नका.

दुसरं, प्राप्तिकर. छोट्या व्यवसायाला अंदाजित नफ्याची सोय आहे. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या उलाढालीवर किमान 6 टक्के आणि रोखीवर किमान 8 टक्के नफा दाखवायचा. वरच्या उदाहरणात 1 लाख 2 हजार अधिक 16 हजार, म्हणजे 1 लाख 18 हजार. पण ही किमान रक्कम आहे. खरा नफा 5 लाख असेल तर 5 लाखच दाखवायचे. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो. मात्र उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. ‘कर नाही म्हणजे रिटर्न नाही’ हा गैरसमज सोडा. उद्या बँकेनं किंवा भागीदारानं कमाईचा पुरावा मागितला, तर हेच रिटर्न पुढे ठेवता येतं.

तिसरं, उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. तिथं फी लागत नाही. शाळेचे गणवेश शिवून दिले, एखाद्या कारखान्याला माल करून दिला, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार पैसे 15 दिवसांत मिळायला हवेत. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत. पण दिवस मोजायचे कुठून? त्यासाठी तारखेचं बिल आणि माल पोचल्याची सही लागते.

हिशेब ही काही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, दफ्तर हे मराठीतले रोजचे शब्द अरबी-फारसीतून आलेत. मराठी दफ्तरातला फडणीससुद्धा मुळात फर्दनवीस. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. दुकानातला माल, रोकड आणि येणं माहीत नसेल तर जकात तरी कशी काढणार?

आणि हे फक्त सरकारपुरतं नाही. वडिलांनंतर वारसांत वाटणी करण्याआधी त्यांचं देणं फेडावं लागतं. ते कुठं लिहिलेलंच नसेल, तर भावाभावांत भांडण लागतं. बहीण दहा वर्षं मशीनवर बसलेली असते. तिचा पगार नाही, वहीत नाव नाही. वाटणीच्या वेळी तिनं काही मागितलं की ‘तू काय केलंस?’ असं विचारतात. तिची मजुरी दर महिन्याला लिहा आणि तिच्याच खात्यात भरा. ज्याचं काम वहीत दिसत नाही, त्याचा हक्कही लोकांना दिसत नाही.

तेव्हा आज रात्री गल्ला मोजल्यावर साध्या वहीत चार रकाने आखा: आले, गेले, येणं, देणं. प्रत्येक रकमेपुढे ती कसली, हे दोन शब्दांत लिहा. खरेदीची बिलं महिन्यानुसार पाकिटात ठेवा. रोजची दहा मिनिटं लागतील. कर सल्लागाराकडे जाल तेव्हा ही वही घेऊन जा; त्यानं भरलेलं रिटर्न स्वतः वाचा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. धंदा तुमचा आहे, तर त्याचा हिशेबही तुम्हाला तोंडपाठ हवा.