फौजेचं पोट

'युद्ध आणि साधनसंपत्ती' या विषयावर चार शब्द बोला, असा रेडिओ केंद्राचा निरोप आला. मी बऱ्हाणपूरचा, तेव्हा उदाहरण शोधायला लांब कशाला जाऊ?

युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. वर्गात मी मुलांना विचारायचो, संध्याकाळी घोडा काय खाणार? दाणा, वैरण, पाणी. हे जिथे मिळेल तिथे छावणी पडणार. बऱ्हाणपूरला तापी आहे, कापसाची पेठ आहे आणि उत्तरेतून दख्खनेत उतरायची वाट असीरगडाखालून जाते. म्हणून 1601 मध्ये अकबराने तो गड घेतला, 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने इथली पेठ लुटली, आणि 1819 मध्ये गड कायमचा इंग्रजांकडे गेला.

पण मला सांगायचंय ते 1630 सालचं. पाऊस गेला होता. गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे दुष्काळ. त्याच वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी शहाजहानचा तळ इथे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी तेव्हा सुरतेहून या वाटेने आला. वाटेवर भुकेने मेलेली माणसं, आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात मात्र सगळं मुबलक! कारण बादशहाची फौज इथे होती. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणत होते, ते छावणीसाठी. उपाशी गावांच्या शिवेवरून त्या गोण्या पुढे जात होत्या. बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी 5000 रुपये वाटले, हेही खरं. पण रुपया दळून भाकरी होत नाही.

1631 च्या जूनमध्ये शहाजहानची बेगम मुमताज इथेच वारली. पाहुणे येतात ते तिचंच विचारतात. विचारावं, पण त्याच उन्हाळ्यात वाटेवर मेलेल्यांचं कुणीच विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दाण्याचं झालं, आता पाणी. आमचा कुंडी भंडारा, 1615 च्या सुमाराचा, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्याकडून जमिनीखालून झिरपत येणारं पाणी भुयारात अडवायचं आणि उताराने गावाकडे आणायचं. मोट नाही, रहाट नाही, नुसता उतार! वर ठरावीक अंतरावर कुंड्या. तापी उशाला असताना हा खटाटोप कशाला? छावणीचं गाव, नदीचं पाणी शत्रूने नासवलं तर, अशी धास्ती होती म्हणतात. मी खाली उतरलोय. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला की गार लागतात. पाणी घोट्याशी हळू सरकत असतं. म्हणजे बघा, नुसता उतार!

आणि या कुंड्यांत आपण पिशव्या टाकतो, निर्माल्य टाकतो. माझे विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांना सांगतो: बाळांनो, टाकू नका रे.

काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात झाला. असीरगडाच्या वेढ्याचं राहिलंच. गडावरचे तलाव आणि धान्याची कोठारं सांगायची होती. गडावर गेलात तर आधी तलाव बघा, बाकी सगळं नंतर.