सभासदांची वही नसलेली चळवळ

'मी टू'चा विषय काढला की सभेत कुणीतरी उठतंच : 'खोटी नावं घेणाऱ्यांचं काय?' ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राध्यापकांची एक यादी इंटरनेटवर फिरली. बहुतेक नावांपुढे काय घडलं ते लिहिलेलंच नव्हतं. तिच्यावर जाहीर आक्षेप घेणाऱ्यांत स्त्रीवादी बायकाच होत्या. इतर जणींनी विचारलं, समित्यांकडे जाऊन आमच्या हाती काय लागलं? वाद कडवट झाला. माझ्या मते या चळवळीची ओळख त्या वादातून होते. यादीवरून नाही.

प्रिया रमाणींनी २०१८ मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलं. अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला अंगावर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं त्यांना निर्दोष ठरवलं. कित्येक वर्षांनंतरही, हव्या त्या माध्यमातून तक्रार मांडायचा स्त्रीला हक्क आहे, असं म्हटलं. सभेत उठणाऱ्या गृहस्थांना हे बरं आठवत नाही!

तरी प्रश्न उरतोच. इथं सभासदांची वही नाही, कुणाला काढून टाकणार? आरोपीच्या बायकोला, मुलीला कुणी घाणेरडं लिहिलं, तर तिथल्या तिथं, आपल्या नावानिशी 'हे आम्हाला मंजूर नाही' असं लिहावं लागेल. आपण गप्प राहिलो, तर समितीपुढे तक्रार घेऊन बसलेल्या मुलीलाच त्याचा जाब विचारतात.