वैद्याच्या जोडीला, वैद्याच्या जागीं नव्हे
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आपल्या देवळाच्या महोत्सवाचा हा आनंदाचा दिवस. तरी खाटेवर पडून असल्यामुळें येथें येऊं न शकलेल्या आजाऱ्यांची आठवण केल्यावांचून हा आनंद पुरा होणार नाहीं. त्यांतही कर्करोगानें पीडलेल्यांविषयीं आम्ही दोन शब्द बोलूं इच्छितों.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय 1941 सालीं उघडलें. तेव्हांपासून या रोगावरील उपचार पुष्कळ सुधारले. परंतु रोगाशीं झगडतांना वेदना, मळमळ, थकवा, निद्रानाश व मनाची घालमेल हीं रोग्यास छळतातच. अशा वेळीं मुख्य औषधांच्या जोडीला कांहीं सौम्य उपाय करतां येतात. केमोथेरपीमुळें होणाऱ्या मळमळीवर सुया टोचण्याची चिनी पद्धति उपयोगी पडते, असा निर्वाळा 1997 सालीं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें दिला. मनगटाच्या आंतील वळीपासून कोपराच्या दिशेनें तीन बोटें अंतरावर या पद्धतींतील एक स्थान आहे. तें नुसतें बोटानें दाबून धरल्यानेंही कित्येकांस आराम वाटतो. हलक्या हातानें हातपाय चोळल्यास मन निवतें; मात्र गांठीवर, रोग शिरलेल्या हाडावर, सुजलेल्या पायावर किंवा किरणांनीं पोळलेल्या कातडीवर चोळूं नये. संथ श्वसन व सोपीं योगासनें यांनीं थकवा कमी होऊन झोप लागण्यास मदत होते. आवडतीं भक्तिगीतें हळू आवाजांत म्हटलीं, तरी भीति ओसरते.

परंतु येथें दोन चुकांपासून सावध राहिलें पाहिजे. पहिली चूक, जोडीचा उपाय वैद्याच्या जागीं बसविण्याची. रोग दूरवर पसरलेला नसतांना डॉक्टरी उपचार सोडून केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण सुमारें अडीचपट आढळलें, असें 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. झाडपाल्याचें औषधही निरुपद्रवीच असतें असें नाहीं. संत योहानाचें नांव धारण करणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पति इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधाचा प्रभाव कमी करते. म्हणून घरीं जें कांहीं देत असाल, तें डॉक्टरांपासून लपवूं नका.

दुसरी चूक, भक्तीच्या नांवाखालीं वेदनाशामक औषध नाकारण्याची. असें औषध घेण्यास धर्माची आडकाठी नाहीं, हें पोप बारावे पायस यांनीं 1957 सालींच डॉक्टरांस स्पष्ट केलें. आपली वेदना प्रभूस अर्पण करावयाची, तर ती रोग्यानें स्वखुशीनें करावी. तिचें ओझें त्याच्यावर लादण्याचा अधिकार नातलगांस नाहीं.

बांद्र्यास 1986 सालीं डॉ. लुईस डिसोझा यांनीं स्थापिलेलें शांति आवेदना सदन हें अशा रोग्यांसाठीं भारतांतील पहिलें आश्रयस्थान होय. जेथें रोग बरा करतां येत नाहीं, तेथेंही रोग्याची सेवा करतां येते, हा धडा त्यानें आपणांस घालून दिला. तसेंच आजाऱ्यांस पवित्र तेल लावण्याचा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठीं नाहीं, हें पोप सहावे पॉल यांच्या 1972 च्या आज्ञापत्रानंतर आपण विसरूं नये. फादरांना वेळेवर बोलवा.

बेन सिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय प्रार्थना व वैद्य या दोहोंस मान देतो. आपणही दोहोंस मान देऊं या. आणि या महोत्सवाची खूण म्हणून प्रत्येक घरानें एका तरी आजाऱ्याच्या उशाशीं नेमानें बसावें, एवढीच आमची विनंति. कर्करोग्यांचा आश्रयदाता संत पेरेग्रिन त्या सर्वांसाठीं प्रार्थना करो.