चौदा नावांत जग कसं बसवायचं?

समजा, तुम्हाला कुणी सांगितलं, की माणसाच्या सहा हजार वर्षांच्या इतिहासातून फक्त चौदा नावं निवडा. चौदा संस्कृती घ्या, बाकीच्या सोडून द्या. तुम्ही कोणाला घ्याल? इजिप्त, ग्रीस, रोम, चीन आणि भारत ही पाच नावं आपल्यापैकी बहुतेक जण झटकन सांगतील. भांडण सुरू होईल ते सहाव्या नावापासून.

हे काम १९९१ साली अमेरिकेत दोघांना खरोखरच करावं लागलं. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी 'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ तयार केला. बुद्धिबळासारखा हा आळीपाळीनं खेळायचा डाव. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये एक वस्ती वसवून सुरुवात करायची, लिपी, चाक असे शोध लावत जायचं आणि शेवटी एक तर सगळं जग जिंकायचं, नाही तर अंतराळयान सोडायचं. या खेळाच्या आजवर सात मुख्य आवृत्त्या निघाल्या. पहिली आवृत्ती खेळलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आता त्यांच्या घरातली मुलं सातवी आवृत्ती खेळतात.

त्या पहिल्या यादीत कोण होतं, ते पाहू. रोमन, ग्रीक, इंग्रज, फ्रेंच, जर्मन, रशियन, अमेरिकी, इजिप्ती, बॅबिलोनी, चिनी, भारतीय, मंगोल, अ‍ॅझटेक आणि झुलू. म्हणजे चौदापैकी सहा जागा युरोपकडे. आफ्रिकेच्या वाट्याला दोन. दक्षिण अमेरिकेला एकही नाही. इराण नाही, अरब नाहीत. आणि ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये अमेरिकी टोळीचा पुढारी कोण, तर अब्राहम लिंकन! खेळ म्हणून यात गंमत आहे. पण यादी करणाऱ्याच्या शाळेत कोणता इतिहास शिकवला जात होता, हेही ती यादी सांगून जाते.

आता निवड करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खेळात एखादी संस्कृती घ्यायची म्हणजे नुसतं नाव लिहून भागत नाही. तिला एक पुढारी लागतो, त्याचा चेहरा लागतो. शहरांची नावं लागतात. नव्या आवृत्त्यांत तो पुढारी त्याच्या भाषेत बोलतो, मागे त्या देशाचं संगीत वाजतं. तिचे खास सैनिक, खास इमारती ठरवाव्या लागतात. शिवाय कोणीही एक फार बलवान होऊन डावाची मजा जाणार नाही, हे पाहावं लागतं. एवढा खर्च आणि खटाटोप असल्यामुळे जागा मोजक्याच राहतात. खेळ विकायचा असल्यामुळे गिऱ्हाईक जिथे जास्त, तिथल्या नावांना वजन येतं.

यातून एक विचित्र चाळणी तयार होते. आपली सिंधू संस्कृती घ्या. आखीव रस्ते, गटारं, दूरदूरचा व्यापार, सगळं होतं. पण तिची लिपी अजून सर्वमान्यपणे वाचता आलेली नाही. एकाही राजाचं नाव आपल्याला माहीत नाही. भाषा कोणती, याबद्दल मतभेद आहेत. मग अशा संस्कृतीला पुढारी कुठून आणायचा? सहाव्या आवृत्तीत मोहेंजोदडो आलं, पण खेळाडू म्हणून नव्हे, तर नकाशावरचं एक छोटं स्वतंत्र शहर म्हणून. थोडक्यात, ज्याला राजा आहे आणि ज्याच्या राजाचं नाव उरलं आहे, तो या खेळात सहज शिरतो.

भारताची जागा पहिल्यापासून होती आणि भारताचा चेहरा होते गांधीजी. त्या खेळात कोणालाही अण्वस्त्रं बनवता येत असल्यामुळे, अणुबॉम्बची धमकी देणारे गांधीजी हा जगभर विनोदाचा विषय झाला. संगणकाच्या गणिती चुकीमुळे हे घडलं, अशी एक आख्यायिकाही पसरली. मायर यांनी २०२०मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात ती खोडून काढली. पुढच्या आवृत्त्यांत मात्र ती थट्टा मुद्दाम ठेवली गेली. एका देशाला एक चेहरा, असा नियम केला की तो चेहरा नियमाच्या साच्यात कोंबावा लागतो, मग माणूस कोणीही असो. २०२५मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत पुढारी आणि संस्कृती वेगळ्या केल्या गेल्या. तिथे भारत एक राहिला नाही. मौर्य, चोळ आणि मुघल अशा तीन काळांतल्या तीन संस्कृती आल्या.

मात्र यादीत नाव येणं म्हणजे नेहमीच मान मिळणं, असं नाही. अमेरिका खंडातल्या तीन मूळ समाजांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी प्युब्लो लोकांना घ्यायचा विचार होता. त्यांचा पुढारी असणार होता पोपे, ज्याने १६८०मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. निर्मात्यांनी प्युब्लो प्रमुखांना विचारलं आणि त्यांनी नकार दिला. पोपे हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. त्याला पडद्यावर असा वापरणं त्यांना मान्य नव्हतं. त्याच पोपेचा पुतळा २००५पासून वॉशिंग्टनच्या संसद भवनात उभा आहे आणि तो प्युब्लो शिल्पकारानेच घडवला आहे. निर्मात्यांनी नकार मानला आणि २०१३मध्ये त्या जागी शोशोनी लोक आले.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या क्री लोकांची. २०१८मध्ये सहाव्या आवृत्तीच्या पुरवणीत त्यांचा पुढारी पाउंडमेकर आला. १८८५च्या लढाईत माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करू नका, असं आपल्या माणसांना सांगणारा हा माणूस. तरीही सरकारने त्याला राजद्रोहाखाली तुरुंगात टाकलं. ते दोषारोप कॅनडा सरकारने २०१९मध्ये अधिकृतपणे पुसले. त्याच्या समाजातल्या एका प्रमुखाने खेळावर जाहीर हरकत घेतली. दुसऱ्याला जिंकायचं, त्याची जमीन घ्यायची, ही वसाहतवाल्यांची मूल्यं खेळ आमच्या माथी मारतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसरी गोष्ट शॉनी लोकांची. सातव्या आवृत्तीसाठी त्यांचा पुढारी टेकमसे घेताना निर्माते शॉनी समाजाच्या प्रमुखांबरोबर बसले. शब्द कोणते, उच्चार कसे, हे त्या समाजातल्या माणसांनी सांगितलं. ती भाषा बोलणारे आज फार थोडे उरले आहेत. आपली भाषा नव्या पिढीच्या कानांवर पडेल, म्हणून त्यांना हे काम मोलाचं वाटलं.

आता आपल्या घराकडे येऊ. २००९मध्ये आलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या दुसऱ्या एका खेळात मराठे आहेत, तेही खेळाडूला निवडता येतील असे. खेळ सुरू होतो १७००मध्ये, म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला त्या साली. हे पाहून मराठी मुलाची छाती फुगली, तर त्यात गैर काही नाही. पण तिथे मराठे म्हणजे मुख्यतः घोडदळ, तोफा आणि जिंकलेला मुलूख.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आपल्याला ठाऊक आहे. आरमारासाठी लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलं आहे. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. याउलट 'सिव्हिलायझेशन'च्या बऱ्याच आवृत्त्यांत जंगल तोडलं की लगेच बांधकामाला जोर येतो. तिथे झाडाच्या धन्याला विचारण्याची सोयच नाही. क्री प्रमुखांची तक्रार काय होती, ते आपल्याला इथे नेमकं कळतं.

म्हणून अशा याद्या पाहताना 'आम्ही त्यात का नाही' एवढ्यावर थांबू नये. आम्हाला घेतलं ते कोणाला विचारून घेतलं, आणि आमच्याकडून तिथे काय करवून घेतलं जातं, हेही विचारावं. पुढेमागे एखादा खेळ करणारा मराठ्यांबद्दल माहिती विचारत आपल्याकडे आला, तर तलवारी आणि किल्ले यांची चित्रं त्याला सहज मिळतील. त्याच्या हातात 'आज्ञापत्र' ठेवायला मात्र आपणच हजर असलं पाहिजे. तोवर घरातलं मूल हा डाव मांडून बसेल तेव्हा त्याला रागावून उठवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि ती यादी दोघांनी मिळून वाचा.