कोपऱ्यातली भेग आणि दोराची गाठ

आज हप्ते आणि व्याज बाजूला ठेवू. हल्ली मुली कॉलेजातून प्रस्तरारोहणाच्या, म्हणजे कडे चढण्याच्या शिबिराला जायचं म्हणतात आणि घरून उत्तर येतं, "ते पोरींचं काम नाही." त्यावर आमच्या गटात दोन तट पडले. म्हणून ते काम नेमकं काय असतं, याची आम्ही माहिती काढली.

घराच्या दोन भिंती मिळतात तसा कोपरा कड्यातही असतो. त्या कोपऱ्यात बरेचदा खालून वर उभी भेग गेलेली असते. चढणारी त्या भेगेत हाताचा पंजा घालते आणि अंगठा आत दुमडते. पंजा फुगतो आणि पाचरीसारखा अडकतो. एक पाय या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला रेटायचा. भार पायांवर येतो, हाताला विसावा मिळतो. दाराच्या चौकटीत दोन्हीकडे पाय रेटून वर चढणारं एखादं पोर प्रत्येकीच्या घरात असतंच. हे तेच. पैलवानाचे दंड लागत नाहीत.

अशा भेगांसाठी ग्रॅनाइटचे कडे नावाजलेले. जमिनीच्या पोटात सावकाश थंड होऊन बनलेला हा दगड कठीण आणि खरबरीत असतो. आपला सह्याद्री, अगदी काशीमिऱ्यामागचा डोंगरसुद्धा, लाव्हारसाच्या दगडाचा. त्यात भेगा असतात, पण काही ठिकाणी दगड सुटा असतो, ओढला की हातात येतो. म्हणून हेल्मेटशिवाय कड्याखाली नुसतं उभंही राहू नये. मुंबईकडचे गिर्यारोहक ठाण्यापलीकडे मुंब्र्याच्या डोंगरावर सराव करतात, तोही याच दगडाचा.

अमेरिकेत योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा सुमारे ३००० फुटांचा ग्रॅनाइटचा कडा आहे. त्याच्या 'नोज', म्हणजे नाक, नावाच्या वाटेने १९५८ मध्ये माणसं पहिल्यांदा वर गेली ती खिळे ठोकून, त्यांचा आधार घेत. नुसत्या हातापायांनी, दोर फक्त पडल्यास झेलायला ठेवून, ती वाट सगळ्यात आधी पुरी केली १९९३ मध्ये लिन हिल या बाईने. उंची पाच फुटांच्या थोडी वर. वरच्या टप्प्यात एक कोपरा आहे, तिथे भेगेत बोटाचं पेरही धड जात नाही. तिने अंग वळवून, हात, पाय, पाठ सगळं भिंतींना रेटत तो कोपरा काढला. दुसऱ्या एका अवघड जागी तिची बारीक बोटंच कामी आली. पुढच्या वर्षी तीच वाट तिने २४ तासांच्या आत केली.

आपल्याकडे रायगडाची हिरकणी तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरली, ही गोष्ट आपण लेकरांना कौतुकाने सांगतो. तिच्याजवळ तर दोरही नव्हता. लेकीला दोर आणि शिकवणारं माणूस असताना अडवायचं, हे आम्हाला पटत नाही.

धोका आहे. १९८९ मध्ये फ्रान्सात याच लिन हिलने दोराची गाठ अर्धवट बांधली. वर पोचून दोरावर भार टाकला आणि ती सत्तरेक फूट खाली आली. झाडावर आदळली म्हणून वाचली. म्हणून चढणारी आणि खाली दोर सांभाळणारी, दोघींनी एकमेकींची गाठ आणि कमरेचा पट्टा दर वेळी तपासायचा असतो. बँकेतून गटाचे पैसे काढताना दोघींच्या सह्या लागतात, तसंच.

तेव्हा मुलीला पाठवताना शिबिरवाल्यांना विचारा. गाठ कोण तपासतं? प्रत्येकीला हेल्मेट आहे का? शिकवणाऱ्यांनी प्रशिक्षण कुठे घेतलंय? बाई शिक्षिका सोबत आहे का? लागलं तर जवळचा दवाखाना किती लांब? विचारताना लाजू नका, चांगले शिकवणारे रागावत नाहीत. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या, ओल्या कातळावर नेणार असतील, तर मात्र सरळ नाही म्हणा.